एमएस्सीला कोणती केमिस्ट्री घेऊ?

वसमत तालुक्यातल्या एका गावातून एका मुलीचं पत्र आलं आहे. ती नांदेडला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी असा गट. घरी हळद, सोयाबीन आणि थोडा ऊस. ती लिहिते:

“मॅडम, एमएस्सी केमिस्ट्रीच करायची हे माझं ठरलंय. पण स्पेशलायझेशन कोणतं घ्यायचं यावरून डोकं फिरलंय. मामेभाऊ हैदराबादला कंपनीत आहे. तो म्हणतो, डोळे झाकून ऑर्गेनिक घे, बाकीच्यांना कुणी विचारत नाही. पण मला नेम रिॲक्शन, म्हणजे नावानं ओळखल्या जाणाऱ्या रासायनिक क्रिया, पाठ होत नाहीत. सॉल्ट ॲनालिसिसचं, म्हणजे दिलेला क्षार ओळखण्याचं, प्रॅक्टिकल मात्र खूप आवडतं, त्यात माझं सहसा चुकत नाही. फिजिकलची भीती वाटते, कारण गणित दहावीनंतर सुटलं. अप्पा म्हणतात, एवढं शिकून त्या केमिस्ट्रीचा आपल्या घराला काय उपयोग, त्यापेक्षा बीएड कर आणि जवळच्या शाळेत लाग. खरं सांगू का, इतकी वर्षं शिकूनसुद्धा या शाखा वेगळ्या का आहेत, कोण नेमकं काय शोधतं, हे मला नीट सांगता येत नाही. तुम्ही सांगाल का?”

लेकी,

तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून तिथूनच सुरू करते. शाखा वेगळ्या का हे सांगता येत नाही, यात तुझा दोष नाही. पेपर वेगळा, वही वेगळी, शिकवणारे सर वेगळे, म्हणजे विषयही वेगळाच असणार असं मुलं धरून चालतात. मग ऑर्गेनिक म्हणजे कार्बन, इनऑर्गेनिक म्हणजे उरलेलं सगळं, फिजिकल म्हणजे गणितं, ॲनालिटिकल म्हणजे टायट्रेशन आणि बायोकेमिस्ट्री म्हणजे पेशीतलं काहीतरी, एवढ्यावर परीक्षा निघून जाते. पण पुढची दोन वर्षं आणि त्यानंतरची नोकरी कुठल्या वाटेनं न्यायची हे ठरवायला एवढी ओळख पुरत नाही.

माझ्या मते या शाखांनी प्रश्न वाटून घेतले आहेत. पदार्थ सगळ्यांचे सामाईक आहेत. तुमच्या शेतात पडणारा युरियाच घे. ४५ किलोची गोणी, तिच्यावर ४६ टक्के नत्र असं छापलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक रसायनशास्त्रज्ञ असं मानत की सजीवांच्या शरीरात सापडणारे पदार्थ प्रयोगशाळेत घडवता येत नाहीत, त्याला एक वेगळी जीवनशक्ती लागते. सेंद्रिय आणि असेंद्रिय अशी भिंत तेव्हाची. १८२८ मध्ये फ्रेडरिक व्होलर या जर्मन शास्त्रज्ञानं अमोनियम सायनेट या क्षारापासून युरिया मिळवला. तोवर युरिया मिळायचा तो मूत्रातून. ती भिंत एका दिवसात पडली नाही, पुढं काही दशकं वाद चालला, पण तडा गेला तो तिथं. आज आपण ऑर्गेनिक म्हणतो ते कार्बनच्या संयुगांना, आणि जीवनशक्तीचा त्याच्याशी काही संबंध उरलेला नाही.

तोच युरिया आता कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून बनतो. अमोनियासाठी नायट्रोजन हवेतून येतो, आणि तिथं एक अवघड पेच आहे. तापमान कमी ठेवलं तर समतोल अमोनियाच्या बाजूनं झुकतो, पण क्रिया इतकी सावकाश होते की कारखाना चालणार नाही. तापमान वाढवलं तर वेग येतो आणि उतारा घटतो. फ्रिट्झ हाबरनं १९०९ मध्ये प्रचंड दाब आणि योग्य उत्प्रेरक वापरून यातून वाट काढून दाखवली, आणि कार्ल बॉशच्या प्रयत्नांतून १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊ इथं कारखाना सुरू झाला. किती होईल, किती वेगानं होईल, हे प्रश्न फिजिकल केमिस्ट्रीचे. गोणीत खरोखर ४६ टक्के नत्र आहे का, हा ॲनालिटिकलचा. शेतात पडल्यावर मातीतलं युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) युरियाची मोडतोड करून अमोनिया सोडतं, म्हणून ओल्या जमिनीवर नुसता फेकलेला युरिया काही अंशी हवेत उडून जातो. हा प्रश्न बायोकेमिस्ट्रीचा. आणि त्या युरिएजच्या गाभ्यात निकेल धातूचे अणू बसलेले असतात, ते काढले तर विकर काम करत नाही. निकेल तिथं काय करतं, हे इनऑर्गेनिकवाला विचारतो.

आता एकेक शाखा जरा जवळून बघू. तुझ्या घरचीच उदाहरणं घेते, म्हणजे अप्पांनाही ऐकवता येतील.

ऑर्गेनिकचा प्रश्न असा असतो की रेणूतले अणू एकमेकांना कसे जोडलेत, आणि ती जोडणी हवी तशी बदलायची कशी. हळदीचा पिवळा रंग करक्युमिनचा. फ्रान्समध्ये वोगेल आणि पेल्तिए यांनी तो १८१५ मध्ये हळदीतून वेगळा काढला, पण रचना नक्की व्हायला १९१० उजाडलं. कार्बनचे २१, हायड्रोजनचे २० आणि ऑक्सिजनचे ६ अणू, दोन्ही टोकांना बेंझीनचं एकेक कडं, मध्ये एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी. त्या साखळीवर इलेक्ट्रॉन पसरलेले असल्यामुळं करक्युमिन निळा प्रकाश शोषून घेतं आणि आपल्याला पिवळं दिसतं. चुना लावला की टोकाकडचे हायड्रोजन निघून जातात, शोषणाची जागा सरकते आणि हळद लाल होते. आपल्याकडं हळदीपासून कुंकू करायची पद्धत याच गुणावर उभी आहे.

तू म्हणतेस, नेम रिॲक्शन पाठ होत नाहीत. त्या पाठ करायच्या नसतातच. तुझ्या अभ्यासक्रमात अल्डॉल संघनन आहे, म्हणजे दोन रेणू एकमेकांना जोडणारी क्रिया. व्हॅनिलिनचे दोन रेणू आणि ॲसिटिलॲसिटोनचा एक रेणू घेऊन तीच अल्डॉल दोनदा घडवली की करक्युमिन तयार होतं. आता कागदावर तिन्ही रेणू काढ आणि स्वतःला विचार: इलेक्ट्रॉन कुठं जास्त आहेत, कुठं कमी आहेत, बाण कुठून कुठं जाईल. अशी दहा उदाहरणं मनापासून सोडवलीस तर नावं आपोआप ध्यानात राहतील. पाठांतर जमत नाही एवढ्यावरून ऑर्गेनिक आपल्याला येत नाही असं ठरवू नकोस. मात्र ते आवडतं का, हे वेगळं पाहा. ऑर्गेनिकमध्ये दिवस जातो रिॲक्शन लावण्यात, दर थोड्या वेळानं टीएलसी, म्हणजे क्रिया कुठवर आली हे दाखवणारी पट्टी, बघण्यात, मग वर्कअप आणि कॉलम करून पदार्थ वेगळा आणि शुद्ध करण्यात, मग रेणूची रचना दाखवणारा एनएमआरचा आलेख घेऊन आपण बनवलं ते हेच का याची खात्री करण्यात. चार दिवस राबून हातात काळपट चिकटा येतो, आणि पाचव्या दिवशी पुन्हा उभं राहायचं असतं. ज्याला रेणू घडवायची ओढ आहे त्याला हे जड जात नाही. तुझ्या भावाचं निम्मं म्हणणं खरं आहे. हैदराबाद आणि वाळूजच्या औषध कंपन्यांत सिंथेसिसच्या कामाला ऑर्गेनिकवालेच लागतात. उरलेलं निम्मं खरं नाही, ते पुढं सांगते.

इनऑर्गेनिकवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण या शाखेवर सगळ्यात जास्त अन्याय होतो. उरलेल्या शंभरावर मूलद्रव्यांची यादी, असं तिच्याकडं पाहिलं जातं. तुमच्या उसाच्या खोडव्याला कधी केवडा पडलेला पाहिला असशील. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. जुनी पानं हिरवीच राहतात, कारण लोह जुन्या पानातून नव्या पानात सहज सरकत नाही. मौज अशी की हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसतंच, मध्यभागी मॅग्नेशियम असतो. पण हरितद्रव्य तयार होताना लोहाची गरज पडते, म्हणून लोह तुटलं की पान पिवळं.

आता खरा प्रश्न. आपला बहुतेक मराठवाडा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या कातळावर बसला आहे आणि त्या कातळात लोह भरपूर आहे. त्याच कातळाची झीज होऊन आपली काळी जमीन झाली. मग पिकाला लोह का मिळू नये? कारण जमिनीत चुनखडी आहे. चुनखडीमुळं सामू (पीएच) आठच्या आसपास किंवा वर राहतो, आणि सामू एकनं वाढला की तिहेरी धनभाराच्या लोहाची विद्राव्यता हजारपटीनं घटते. लोह मातीत असतं, पण पाण्यात उतरत नाही. पाण्यात नाही म्हणजे मुळाला नाही. अशा जमिनीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकलं तर तेही थोड्याच दिवसांत गंजासारखं होऊन बसतं. म्हणून दुकानदार चिलेटेड लोह देतो. चिलेट म्हणजे काय? ईडीटीएचा रेणू दोन नायट्रोजन आणि चार ऑक्सिजन अशा सहा ठिकाणांहून धातूच्या अणूला धरतो, खेकड्यानं नांगीत धरावं तसा, आणि त्याला पाण्यात विरघळलेला ठेवतो. धातूभोवती असे रेणू ठराविक संख्येनं आणि ठराविक आकारात बसतात, ही कल्पना आल्फ्रेड वर्नरनं १८९३ मध्ये मांडली. तेव्हा ती अनेकांना पटली नव्हती. १९१३ मध्ये त्याला त्यासाठी नोबेल मिळालं. कोऑर्डिनेशन केमिस्ट्रीचा जो पाठ तुम्ही मुलं कंटाळून वाचता, तो हा.

आणि इथं शाखेच्या ज्ञानाचा रोकडा उपयोग आहे. जस्ताला ईडीटीएनं धरलेलं खत घेतलंस तर पाकिटावर १२ टक्के झिंक लिहिलेलं असेल, ते आपल्या जमिनीत बऱ्यापैकी काम देतं. लोहाचं तसं नाही. सामू साडेसहा-सातच्या पुढं गेला की कॅल्शियम लोहाला ईडीटीएमधून हुसकावून लावतो. तिथं ईडीडीएचए नावाचा दुसरा रेणू लागतो, त्याची पकड चुनखडीच्या जमिनीतही सुटत नाही. तो महाग पडतो, म्हणून ईडीटीए लोह घेतलं तर ते जमिनीत देण्यापेक्षा फवारणीतून दिलेलं बरं. तसंच झिंक सल्फेट आणि डीएपी एकत्र कालवू नका असं सांगतात, कारण जस्त आणि फॉस्फेट मिळून न विरघळणारा साका बनतो आणि दोन्ही खतं वाया जातात. सॉल्ट ॲनालिसिसमध्ये परीक्षानळीत साका बघायला तुला आवडतं ना? तोच साका शेतात पैसे खातो. अप्पांनी विचारलेल्या प्रश्नाचं मला सुचणारं सगळ्यात सरळ उत्तर हे आहे. घरी मृदा आरोग्य पत्रिका असेल तर काढ. तिच्यात १२ गोष्टी मोजलेल्या असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगेनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. एका संध्याकाळी अप्पांच्या शेजारी बसून ओळ न् ओळ वाच आणि यंदा कोणतं खत कमी करता येईल ते दोघं मिळून ठरवा.

फिजिकलची भीती मी समजू शकते, पण ती शाखेची नाही, गणिताची आहे, हे वेगळं कर. तुमच्याकडं हळद काढली की शिजवतात, वाळवतात, मग पॉलिश करतात. शिजवताना कंदातला स्टार्च फुगून चिकट होतो, रंग सगळीकडं सारखा पसरतो आणि पुढं वाळायला दिवस कमी लागतात. करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून कढईतलं पाणी पिवळं दिसलं तरी रंग बहुतेक हळकुंडातच राहतो. तेलात मात्र विरघळतं, म्हणून फोडणीत टाकलेली हळद भाजीभर रंगते. वाळल्यावरही उन्हात फार दिवस ठेवली तर प्रकाशानं रंग फिका पडत जातो. किती वेळ शिजवायची, किती जाड थर पसरायचा, कुठल्या तापमानाला रंग किती वेगानं मोडतो, हे सगळे प्रश्न ऊर्जा, समतोल आणि वेग यांचे आहेत, म्हणजे थर्मोडायनॅमिक्स आणि कायनेटिक्सचे. बॅटरीत साठवलेली वीज, पाऊस पडला की फुगणारी आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी आपली काळी माती, संगणकावर रेणूंचं गणित मांडणं, सगळं याच शाखेच्या अंगणात येतं. त्यासाठी लागणारं गणित मोजकं आहे: लॉगॅरिदम, आलेखाचा चढ, साधं डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन. अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं आण आणि तेवढेच धडे नीट समजून घे. कुठलीही शाखा घेतलीस तरी हे करावंच लागेल.

ॲनालिटिकलचा प्रश्न दोन शब्दांचा आहे: काय आहे आणि किती आहे. त्याला तिसरा जोडलेला असतो, तो खरा कठीण: कशावरून. हळदीत साधारण दोन ते पाच टक्के करक्युमिनॉइड असतात. बाजारात हळकुंड मोडून रंग बघतात, पण माल बाहेर पाठवणारा व्यापारी एचपीएलसीवरचा, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावरचा, आकडा मागतो. निस्तेज हळकुंडाला झळाळी यावी म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट चोळण्याचे प्रकार झाले आहेत. हा पिवळाधमक क्षार म्हणजे शिसं आणि घातक क्रोमियम एकत्र. डोळ्याला तो हळदीपेक्षाही सुंदर दिसतो. लहान लेकरांच्या मेंदूला शिशानं जी इजा होते ती भरून येत नाही. अशा ठिकाणी डोळ्याच्या अंदाजाला काही अर्थ नाही, उपकरण लागतं आणि उपकरणाशी इमान राखणारा माणूस लागतो.

पाण्याचंही तसंच. नांदेड जिल्ह्यात किनवटकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पाणी नितळ असतं, चवीला ठीक असतं, आणि वर्षानुवर्षं प्यायलं की दातांवर डाग आणि हाडांना ताठरपणा येतो. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. म्हणजे एक आणि दीडमधला फरक कुणीतरी खात्रीनं सांगावा लागतो. तेवढ्या अचूकतेसाठी प्रमाण द्रावण बनवणं, उपकरण जुळवणं, तोच नमुना पुन्हा पुन्हा तपासणं, ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवायची कोरी चाचणी, चालवणं, अशी किचकट कामं रोज करावी लागतात. आणि फ्लोराइड काढायचं कसं हे विचारलंस तर पुन्हा इनऑर्गेनिकपाशी येशील. नागपूरच्या नीरी संस्थेनं बसवलेली नालगोंडा पद्धत तुरटी आणि चुन्यावर चालते.

ॲनालिटिकलच्या नोकऱ्या आपल्या भागात दिसतात त्यापेक्षा जास्त आहेत. औषध कंपनीत सिंथेसिसला दोन माणसं लागत असतील तर क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीलाही, माणसं लागतातच, कारण तपासल्याशिवाय एक गोळी बाहेर जात नाही. साखर कारखान्याची लॅब, सोयाबीनच्या तेलाचे सॉल्व्हंट प्लांट, जालन्याच्या पोलाद गिरण्या, माती आणि पाणी तपासणी केंद्रं, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडच्या न्यायसहायक प्रयोगशाळा, सगळीकडं हेच काम. तेव्हा बाकीच्यांना कुणी विचारत नाही, हे भावाचं वाक्य मनातून काढून टाक. क्यूसीत पाळी असते आणि तेच तेच काम असतं, हेही सांगून ठेवते. आणि एक मनापासून सांगते. नमुना नापास होत असताना पास लिहून दे, असं म्हणणारा वरिष्ठ कधीतरी भेटतो. तेव्हा नाही म्हणण्याची तयारी नसेल तर या शाखेत जाऊ नये. त्या आकड्यावर विसंबून कुणीतरी औषध घेणार असतं.

बायोकेमिस्ट्री तुझ्या बॉटनी-झूलॉजीमुळं तुला जवळची वाटेल. जिवंत पेशीत रसायनं कशी घडतात आणि मोडतात हे ती पाहते. हळदीचं झाड फेनिलॲलॅनिन या अमिनो आम्लापासून पायरीपायरीनं करक्युमिन तयार करतं, प्रत्येक पायरीला वेगळं विकर. तेच करक्युमिन आपण खाल्लं तर आतड्यातून फार थोडं रक्तात जातं आणि यकृत त्याचं रूप लगेच बदलून टाकतं. म्हणून हळदीनं अमुक रोग बरा होतो असे जे निरोप मोबाइलवर फिरतात, त्यांना बायोकेमिस्ट विचारतो: ते शरीरात पोचतं तरी किती? या शाखेत आपल्या मराठी बाईंचं मोठं नाव आहे, कमला सोहोनी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी आधी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. प्रवेश मिळाला तोही अटींवर. पुढं १९३९ मध्ये केंब्रिजला त्यांनी पीएचडी मिळवली. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशीतही सायटोक्रोम-सी हे पेशीच्या श्वसनात लागणारं प्रथिन असतं, हे त्यांनी दाखवलं. नंतर मुंबईत नीरा आणि कडधान्यं अशा गोरगरिबांच्या अन्नावर त्यांनी संशोधन केलं. तुझ्या अप्पांना मुलीनं लांब जाण्याची काळजी वाटत असेल तर ही गोष्ट त्यांना जरूर सांग.

बाकी पॉलिमर, औद्योगिक, पर्यावरण, न्यूक्लियर अशी नावं ऐकशील. या पाचांच्याच संगमावर त्या उभ्या आहेत. ठिबकची काळी नळी हे पॉलिमर, आणि ती काळी असते कारण कार्बनची काजळी घातल्यानं उन्हात लवकर तडकत नाही. कृषी रसायन आणि मृदाशास्त्राचं तुला आकर्षण वाटलं तर आधी पात्रता बघ, कारण परभणीच्या कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी पदव्युत्तर प्रवेशाला सहसा कृषीचीच पदवी मागतात.

आता निवडीचं. पहिली गोष्ट, बहुतेक विद्यापीठांत एमएस्सीचं पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं असतं आणि शाखा दुसऱ्या वर्षी वेगळी होते. काही महाविद्यालयांत मात्र प्रवेशच एका शाखेत देतात, तिथं ही मोकळीक नसते. म्हणून अर्ज भरण्याआधी अभ्यासक्रम मागून घे. दुसरी गोष्ट, प्राध्यापकी आणि संशोधनासाठीच्या नेट, सेट, गेट या परीक्षांत केमिस्ट्रीचा पेपर एकच असतो आणि त्यात ऑर्गेनिक, इनऑर्गेनिक, फिजिकल तिन्ही येतात. शाखा कोणतीही घे, बाकीच्या दोन सोडता येणार नाहीत. तिसरी गोष्ट, आयआयटीच्या एमएस्सीसाठी जॅम परीक्षा असते. तुझ्यासारख्या मुली फॉर्मच भरत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. तिच्यातही थोडं गणित येतं, आणि काही संस्था बारावीचं गणित मागतात, तेवढं तपासून मग संस्था निवड.

तुझ्यासाठी माझं मत विचारशील तर सांगते. पत्रात तू एकाच गोष्टीबद्दल आनंदानं लिहिलं आहेस, सॉल्ट ॲनालिसिस. क्रमानं जाणं, एकेक शक्यता बाद करत नेणं, हातातल्या पुराव्यापलीकडं न बोलणं, हे तुला आवडतं. एमएस्सी झाल्याबरोबर घराला हातभार लावायचा असेल तर तू ॲनालिटिकल घ्यावंस. घरची ओढाताण नसेल आणि पीएचडीची इच्छा असेल तर इनऑर्गेनिकचा विचार कर. तिकडं जाणारी मुलं कमी, थेट नोकरीच्या जाहिरातीही कमी, पण धातूंच्या संयुगांवर, उत्प्रेरकांवर, माती-पाण्यावर काम करायला मोठी जागा आहे. आपण भौगोलिकदृष्ट्या नशीबवान आहोत. एका बाजूला पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, दुसऱ्या बाजूला हैदराबादची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था, आणि नांदेडहून दोन्हीकडं रेल्वेनं जाता येतं. ऑर्गेनिक केवळ भाऊ म्हणतो म्हणून घेऊ नकोस. अल्डॉलचे बाण काढताना रात्र कधी झाली कळलं नाही असं झालं, तरच घे.

बीएडबद्दल अप्पांशी वाद घालू नकोस, कारण ते चुकीचं काही सांगत नाहीत. फक्त क्रम बदलायला सांग. अकरावी-बारावीला शिकवायचं तर एमएस्सी आणि बीएड दोन्ही लागतं, म्हणजे आधी एमएस्सी केल्यानं शिक्षिका होण्याची वाट बंद होत नाही, उलट रुंद होते. खेड्यातल्या शाळेत रसायनशास्त्र मनापासून शिकवणारी बाई मिळणं किती दुर्मीळ आहे, हे तुला माझ्यापेक्षा ताजं ठाऊक असेल.

परीक्षा संपली की ज्या ज्या विभागात अर्ज करणार आहेस तिथं एकदा जाऊन ये. सोबत अप्पांनाही ने. विभागप्रमुखांना भेट, पण जास्त वेळ दुसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोल. या आठवड्यात प्रयोगशाळेत काय केलं, एचपीएलसी आणि आयआर ही उपकरणं चालू आहेत की कापडाखाली झाकून ठेवलेत, प्रोजेक्ट स्वतः करायला मिळतो का, मागच्या तुकडीतल्या मुली कुठं लागल्या, वसतिगृहात जागा किती, हे विचार. जिथं एचपीएलसीला विद्यार्थ्यांना हात लावू देत नाहीत, तिथं ॲनालिटिकल घेऊन उपयोग नाही. अशा वेळी त्या विभागात जी शाखा चांगली चालते ती घे किंवा महाविद्यालय बदल. काय दिसलं ते मला कळव, अर्जात पसंतीक्रम कसा लावायचा ते आपण त्यावरून ठरवू.